ताटाची डावी बाजू

आमच्या घरात दहा बाय बारा फुटांच्या एका खोलीत चार माणसं, एक खाट, एक मोरी, एक स्टोव्ह आणि पुढे पुढे एक जुना टीव्ही एवढं सगळं मावत होतं. पण जेवायला बसलं की शिस्त मात्र एखाद्या मोठ्या घरासारखी. ताट जमिनीवर, मधे भात, उजव्या हाताला कालवणाची वाटी आणि भाजी, डाव्या हाताला मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. यात बदल चालायचा नाही. एकदा विजूने, माझ्या धाकट्या भावाने, घाईत पानं वाढताना चटणी उजवीकडे टेकवली, तर बाबांनी ताट पुढे सरकवलं आणि चटणी जागेवर जाईपर्यंत हात बांधून बसून राहिले. आईला याचं हसू यायचं. ती म्हणायची, गिरणीत हजार धाग्यांवर नजर ठेवून ठेवून ह्या माणसाला सगळं जागच्या जागी लागतं. बाबा विणाई खात्यात होते. संपानंतर गिरणी उघडली ती त्यांच्यासाठी नाहीच, आणि आम्ही परळहून घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी बैठ्या चाळीत आलो. ते कुर्ल्याच्या एका कारखान्यात खोकी बांधायच्या कामाला लागले. तिथल्या कामाबद्दल ते घरी कधीच बोलले नाहीत. बोलायचे ते गिरणीबद्दलच.

उजवीकडचं सगळं आई करायची. बांगड्याचं तिखलं, सार, भात, सगळं तिचं. डावी बाजू माझी. आठवीपासून माझ्याकडे ते काम आलं होतं. सुक्या जवळ्याची चटणी पाट्यावर मी वाटायचे, ओलं खोबरं घालून काकडीची कोशिंबीर मी करायचे, आणि बाबा पहिला घास नेहमी कोशिंबिरीचा घ्यायचे. घेऊन माझ्याकडे बघायचे. "झकास" हा शब्द त्यांनी मुंबईत उचललेला, बाकी सगळं बोलणं मालवणी. चांगली झाली असेल तर "झकास गो", नसेल तर नुसतं "हूं". आता मी साठीच्या उंबरठ्यावर आहे, आयुष्यात बऱ्यापैकी कौतुक झालंय माझं, ऑफिसातून निवृत्त होताना शालही मिळाली. पण त्या "झकास गो"वर मी जेवढी फुगायचे तेवढी पुन्हा कधी फुगले नाही. हे खरं आहे म्हणून लिहिते.

टीव्ही आला तो बाबांच्या एका जुन्या गिरणी-मित्राकडून, त्याने नवीन घेतला म्हणून. पेटीला शटर होतं, आई त्यावर विणलेला रुमाल टाकायची. चित्र काळंपांढरं, आणि अँटेना जरा हलली की नुसत्या मुंग्या. अँटेना बांबूला बांधून छपरावर उभी केलेली. चाळीत प्रत्येकाची तशीच, आणि रविवारी संध्याकाळी सिनेमा सुरू व्हायच्या आधी अर्ध्या चाळीतले पुरुष छपरावर दिसायचे. हे काम एकट्याने व्हायचं नाही. विजू टीव्हीसमोर बसायचा, मी बाहेर गल्लीत उभी राहायचे, बाबा वर. विजू ओरडला की मी तेच वर ओरडायचे. छपराला सिमेंटचे पत्रे. पत्रा कुठेही पाय दिला की फुटतो. खाली जिथे लाकडी वासा असतो तिथेच खिळे ठोकलेले असतात, म्हणून चालायचं ते खिळ्यांच्या रेघेवरून. हे बाबांनीच आम्हाला शिकवलं होतं. विजूला तर छपरावर चढलास तर तंगडी मोडीन अशी तंबी होती.

त्या रविवारी वारं सुटलं होतं. भाद्रपदातला एखादा दिवस असेल, गणपती जाऊन थोडे दिवस झाले होते. बाबांनी अँटेना फिरवून बघितली, मुंग्या जाईनात. शेजारच्या छपरावर नवीन अँटेना उभी राहिली होती, ती आड येत असावी. त्यांनी बांबूच उपटून हातात धरला आणि जागा शोधायला लागले. आतून विजू ओरडला, "आलं जरा! अजून!" मी वर बघून म्हटलं, "बाबा, अजून डावीकडे."

ते थांबले. "माझ्या डाव्या हाताक, काय तुझ्या?"

"तुमच्या."

त्यांनी बांबू उचलून एक पाऊल टाकलं. छप्पर ठेंगणं होतं, त्यांचे पाय मला दिसत होते. खिळ्यांची रेघही दिसत होती, आणि पाय रेघेवर नव्हता हेही दिसत होतं. पण आतून सिनेमाची पाटी सुरू झाल्याचं संगीत ऐकू आलं आणि विजू पुन्हा "अजून, अजून" म्हणाला, आणि मी म्हटलं, "अजून डावीकडे, बाबा." पत्रा फुटल्याचा आवाज फार मोठा नसतो. कोणी तरी मोठं मडकं टाकावं तसा. बाबा शेजारच्या काकूंच्या मोरीत पडले, डोक्याची उजवी बाजू दगडी कठड्यावर. बांबू छपराच्या भगदाडात तिरपा अडकून राहिला. आणि आमच्या घरातून विजूचा आवाज आला, "आलं, आलं! एकदम क्लिअर! बाबांना सांग, सोडू नका!"

रिक्षाने म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात नेलं. कवटीला भोक पाडून आत साकळलेलं रक्त काढलं. अकरा दिवस बाबा शुद्धीवर नव्हते. बाराव्या दिवशी डोळे उघडले, आईला ओळखलं, आणि पाणी मागितलं. सगळी चाळ म्हणाली, सुटला. महिन्याभराने ते घरी आले तेव्हा डोक्यावर केस नव्हते, डाव्या पायाने ओढत चालायचे आणि डावा हात नुसता बाजूला लोंबत असायचा. बोलणं मात्र स्वच्छ. गिरणीतल्या माणसांची नावं, गावच्या जमिनीच्या हद्दी, सगळं पाठ. आम्हाला वाटलं, हातापायावर भागलं.

खाट भिंतीला लावलेली होती, उशाशी बसलं की बाबांच्या उजवीकडे स्टोव्ह आणि आई, डावीकडे दार. आईशी ते बोलायचे. मी शाळेतून यायचे, दारातून, आणि "बाबा" म्हणायचे, तर ते बघायचे नाहीत. मान उजवीकडे वळवून भिंतीकडे, स्टोव्हकडे बघत राहायचे. "पाणी हवंय?" असं मी विचारलं की उत्तर यायचं, पण ते आईला. "नको आता," ते तिच्याकडे बघून म्हणायचे, जसं काही तिनेच विचारलं होतं. जेवताना तर आणखीच. भात, कालवण, भाजी चाटूनपुसून खायचे. भातसुद्धा उजवीकडून खात खात मधोमध आले की थांबायचे. डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड जशीच्या तशी. ताट उचलताना त्यात बरोबर अर्ध्यावर सीमा आखलेली दिसायची. पहिल्या दिवशी वाटलं, भूक नसेल. मग मी कोशिंबिरीत साखर वाढवून बघितली, कमी करून बघितली, काकडीच्या जागी गाजर घातलं. रात्री मीच ती खायचे, किंवा मोरीत टाकायचे. आईने एकदा मला ते टाकताना बघितलं आणि दुसरीकडे बघायला लागली. तिला काय वाटत होतं ते तिने तेव्हा सांगितलं नाही, नंतरही नाही.

सांगितलं ते आत्याने. बाबांची ही थोरली बहीण कांदिवलीला असायची, दर गुरुवारी भावाला बघायला यायची. येताना कधी कुळथाचं पीठ, कधी कोकमं. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण भावावर जीव होता. तिसऱ्या गुरुवारी तिने बाबांचं जेवण बघितलं, ताट बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"सुमा, ही बाजू तूच करतंस ना?"

मी हो म्हटलं.

"तरीच. तो तुझ्या हातचा खाणा नाय. तुझ्याकडे बघणा नाय. तेना मनात धरल्यान हा."

आई म्हणाली, "वन्सं, लहान आसा ती."

"लहान कसली, दहावीत आसा. आख्ख्या चाळीन ऐकला, कोण ओरडत होता ता. मी काय मुद्दाम बोलतंय? पाय धर तेचे, सुमा. चुकलंय म्हणान सांग. बाप आसा, किती दिस धरून ऱ्हवतलो?"

चाळीने ऐकलं होतं हे मला माहीत होतं. एवढे दिवस कोणी तोंडावर बोललं नव्हतं, इतकंच. आत्याने बोलून टाकलं तेव्हा मला राग आला नाही, उलट एक प्रकारचं हायसं वाटलं. मी खाटेजवळ गेले, जिथून नेहमी जायचे तिथून, दाराच्या बाजूने. पायाशी वाकले. "बाबा, मी बघत होते. पाय रेघेवर नव्हता ते मला दिसलं होतं. तरी मी डावीकडे म्हटलं. माझं चुकलं." हे रेघेचं मी तोपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. आत्याचा हात तोंडावर गेला. बाबा भिंतीकडे बघत होते. मग त्यांनी उजव्या हाताने पांघरुणावर चाचपलं, स्वतःचा डावा हात सापडला तो मनगटाला धरून उचलला आणि आईला म्हणाले, "हो कोणाचो हात हय टाकून ठेवलास? काढ तो. माका अडचण होता." आणि तो मी उभी होते त्या बाजूला खाटेवरून खाली लोटून दिला.

त्या हाताला धरून मी किती वेळ उभी होते आठवत नाही. मला एवढंच कळलं की ते मला माफ करणार नाहीत. आत्या त्या दिवशी चहा न घेता गेली.

त्यानंतरचे दोन-तीन आठवडे मी घरात वावरले ते उष्ट्या-खरकट्यासारखी, कोणाच्या मधे न येता. कोशिंबीर करायचं सोडलं. बाबांनी ते विचारलंही नाही. अभ्यास होत नव्हता. टीव्हीवर आईने रुमाल अंथरला होता तो कोणी काढला नाही. विजू, जो आधी टीव्हीसमोरून उठायचा नाही, तो त्या कोपऱ्याकडे पाठ करून बसायचा. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला विचारायचं सुचलं नाही, आणि आता विचारायला तो नाही.

डोक्याच्या ओपीडीला महिन्यातून एकदा जावं लागायचं. मोठे डॉक्टर फाइल बघून गोळ्या लिहायचे, दोन मिनिटांत बाहेर. त्या वेळी मोठे डॉक्टर नव्हते, एक शिकाऊ डॉक्टरीण होती, तिशीच्या आतली, डोळे तारवटलेले, पेनाचं टोपण चावायची सवय. तिने बाबांना कागदावर एक वर्तुळ काढून दिलं आणि म्हणाली, "काका, हे घड्याळ. ह्यात आकडे घाला." बाबांनी मन लावून घातले. बारापासून सुरुवात केली, एक, दोन, तीन, आणि अकरापर्यंतचे सगळे आकडे त्यांनी वर्तुळाच्या उजव्या अर्ध्यात कोंबले. सहाच्या खाली सात, आठ, नऊ एकमेकांवर चढलेले. डावा अर्धा कोरा. ते बघून बाबा समाधानाने म्हणाले, "झाला."

डॉक्टरीण कागदाकडे बघत राहिली. मग आईला विचारलं, "मावशी, हे जेवतात कसे? ताटातलं सगळं संपवतात?"

आईने माझ्याकडे बघितलं. मग तिनेच सांगितलं, चटणीचं, कोशिंबिरीचं, अर्ध्यावर थांबलेल्या भाताचं. आणि शेवटी, खाली मान घालून, "हिच्यावर राग आसा त्यांचो, म्हणान."

"राग?" ती म्हणाली. "राग नाही हो."

मग तिने बाकड्यावर आमच्या शेजारी बसून समजावलं. बाहेर रांग होती, शिपाई दोनदा डोकावून गेला, तरी ती उठली नाही. मेंदूत पेशी असतात, म्हणाली, मोजता येणार नाहीत इतक्या. एकेका पेशीला लांब तंतू फुटलेला असतो. त्यातून विजेची बारीकशी लहर धावते, आणि टोकाला पोचली की तिथून औषधाच्या थेंबाच्याही लाखाव्या भागाएवढं काहीतरी सुटतं, ते पुढच्या पेशीला लागतं, ती जागी होते, आणि ती तिच्या पुढचीला उठवते. आपण बघतो, ओळखतो, हात उचलतो, ते सगळं ह्या निरोपांवर. पेशीला रक्त मिळालं नाही की ती काही मिनिटांत मरते. आणि मेंदूचा उजवा भाग डावीकडच्या जगावर लक्ष ठेवतो. "काकांचे डोळे चांगले आहेत. डावी बाजू त्यांना दिसत नाही असं नाही. ती बाजू आहे हेच त्यांना कळत नाही. आणि आपल्याला कळत नाही हेही त्यांना कळत नाही. म्हणून ते तक्रार करत नाहीत."

आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "गिरणीत धागो तुटलो की हे साचो थांबवून गाठ मारीत. तशी गाठ मारूक येणा नाय?"

डॉक्टरणीने टोपण तोंडातून काढलं. "नाही, मावशी. हाड जुळतं, कातडी भरून येते. ह्या पेशी मेल्या की परत येत नाहीत. काही मेलेल्या नाहीत, नुसत्या सुजेने गप्प झाल्यात, त्या बोलायला लागतील. आणि काही शेजारच्या पेशी दुसरीचं काम थोडंफार शिकतात. पण शिकवावं लागतं. रोज." मग मला म्हणाली, "सगळं उजवीकडे वाढायचं नाही हां. नेहमीसारखंच वाढायचं. त्यांना म्हणायचं, डावीकडे शोधा. नाहीच सापडलं तर ताट फिरवायचं." आता मोबाइलवर मेंदूची रंगीत चित्रं बघते, पेशींचे तंतू निळे-हिरवे चमकताना दाखवतात. बरंच काही नवीन कळलंय म्हणतात. माझ्या डोक्यात मात्र ते दालन, ते चावलेलं निळं टोपण आणि अर्धं कोरं घड्याळ, एवढंच आहे.

घरी आल्यावर मी काकडी चोचवली, खोबरं खवलं. आईने ताट वाढलं, नेहमीसारखं. बाबांनी भाताच्या मध्यापर्यंत खाल्लं आणि हात थांबवला. मी ताट धरलं आणि अर्धं फिरवलं. बाबा दचकले. जिथे काही नव्हतं तिथे एकदम भात, चटणी, कोशिंबीर आली होती. त्यांनी कोशिंबिरीचा घास घेतला, आणि तो चावता चावता वर बघितलं. ताट फिरवायला मी पहिल्यांदाच त्यांच्या उजव्या बाजूला, स्टोव्हशी येऊन बसले होते.

"इलंस?" ते म्हणाले. तोंडात घास होता. डोळे भरून आले होते. "इतके दिस खंय होतंस गो? आवाज तेवढो येय तुझो. मी तुझ्या आवशीक इचारीत होतंय, चेडू खंय गेला, तर ती म्हणा, हयच आसा. माका वाटला, तू माझ्यावर रागावलंस."

आई स्टोव्हकडे तोंड करून उभी राहिली. त्यांचं ते विचारणं म्हणजे रागातला टोमणा, असं तिला वाटलं असावं. मी म्हटलं, "हयच होतंय, बाबा." मला मालवणी नीट यायचं नाही, ते तेवढं आपोआप आलं. त्यांनी माझी कोपराशी बाही धरून ठेवली आणि उरलेलं सगळं जेवले.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. बाबा त्यानंतर आठ वर्षं जगले. डावा हात आपला आहे हे त्यांनी कधी मान्य केलं, कधी नाही. पेशी काय शिकायच्या ते थोडं शिकल्या. दाराची चौकट डाव्या खांद्याला लागायची बंद झाली नाही. कामावर ते पुन्हा गेले नाहीत. मी दारातून आत आले की स्टोव्हकडे जाऊन बसेपर्यंत त्यांच्यासाठी नसायचेच, आणि उठून दाराकडे निघाले की पुन्हा नाहीशी व्हायचे. "गेला चेडू," ते आईला सांगायचे, मी दोन हातांवर चप्पल घालत असताना. आत्याने पुढे मला कधीच काही म्हटलं नाही. फक्त गुरुवारी यायची ती वळसा घालून, उजवीकडून.

एक गोष्ट मात्र राहिली होती. मी पायाशी वाकून जे बोलले ते त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं, किंवा नुसता आवाज पोचला होता. माफी मागून झाली असं धरून मी गप्प बसू शकले असते. दोन वर्षं बसलेही. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. मी ताट वाढलं, त्यांच्या उजवीकडे बसले, समोर चेहरा आणून सगळं सांगितलं. अँटेना, वारं, विजू, खिळ्यांची रेघ. "मला दिसत होतं, बाबा. तरी मी तुम्हाला डावीकडे जा म्हटलं."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना छपरावरचं काहीच आठवत नव्हतं, ते मला माहीत होतं. ते विचार करत होते, खरोखर मनापासून, कपाळाला आठ्या घालून.

"डावीकडे?" ते म्हणाले. "डावीकडे काय होता?"

मग ते ताटाकडे बघून म्हणाले, "आज कोशिंबीर नाय केलंस?"

मी ताट फिरवलं.